राख गावात पोचू द्या : विदर्भातल्या धर्मग्रामांना खुले पत्र

प्रति,
पॅरिश कौन्सिलचे सभासद, उपासना समित्या आणि आमचे सर्व फादर,
नागपूर व अमरावती धर्मप्रांतांतली खेड्यापाड्यांची धर्मग्रामं (पॅरिश)

सप्रेम नमस्कार.

2027 साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा, प्रायश्चित्तकाळाचा, राख लावून घ्यायचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला येतो. ईस्टर 28 मार्चला आहे. तिथून मागे 46 दिवस मोजले की हा वार हाती लागतो. त्यातले सहा रविवार उपवासात धरायचे नाहीत, म्हणजे उरले चाळीस. हे गणित आपणा सर्वांना पाठ आहे. आम्हाला बोलायचं आहे ते वेगळ्याच गणिताबद्दल. त्या बुधवारी मुख्य चर्चमध्ये मिस्सा (फादरांनी चालवायची मुख्य उपासना) किती वाजता ठेवायची, आणि वीस-तीस किलोमीटरवरच्या उपकेंद्रातल्या, म्हणजे त्याच चर्चखालच्या गावातल्या माणसानं त्या वेळेला तिथं कसं पोचायचं?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे हरभरा सोंगणीला आलेला, तूर खळ्यावर, कपाशीची फरदड वावरात उभी आणि वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून शेतकरी दारोदार. मजूर बाई आठला वावरात असते. दहाची मिस्सा म्हणजे तिचा रोज बुडाला. संध्याकाळी सहाची ठेवली तर परतीची एसटी नाही. त्यातच दहावी-बारावीची परीक्षा, म्हणून पोरं घराबाहेर पडत नाहीत. मग मुख्य चर्चमध्ये शाळेची मुलं, सिस्टर्स, आसपासची पाच-पन्नास घरं एवढ्यांना राख लागते आणि गावांना निरोप जातो, 'तुम्हाला रविवारी देऊ.'

हा निरोप थांबवा, एवढीच आमची विनंती आहे. बाकीचं सगळं पत्र तो कसा थांबवता येईल याबद्दल आहे.

रविवार का नको, ते आधी सांगतो. रविवार हा पुनरुत्थानाचा वार. प्रायश्चित्तकाळातला रविवारसुद्धा उपवासाचा नसतो, म्हणून तर तो चाळिसांच्या मोजणीत धरत नाहीत. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) वेगळं असतं, येशूच्या अरण्यातल्या परीक्षेचं, आणि त्याला राखेची ठिगळजोड बसत नाही. शिवाय तोवर उपवासाचे चार दिवस निघून गेलेले असतात. बैल गेला आणि झोपा केला, असा हा प्रकार आहे.

आता नियम काय सांगतो ते पाहू, कारण आपल्या समित्यांमध्ये त्याबद्दल बराच गोंधळ आहे. राखेला आशीर्वाद द्यायचा तो फादरांनी किंवा डीकननं (फादरांच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक). तिथं दुसरा कुणी चालत नाही. पण आशीर्वादित राख लोकांना लावायला गावची उपासना चालवणारा प्रचारक, सिस्टर किंवा नेमून दिलेला कुणीही प्रापंचिक माणूस मदत करू शकतो. राखेसाठी मिस्साच हवी, असंही नाही. वचनविधी (नुसतं बायबलवाचन आणि प्रार्थना) करून राख देता येते. आजाऱ्याच्या खाटेजवळ जाऊनही देता येते. म्हणजे गावात राख पोचायला फक्त तीन गोष्टी लागतात : पहाटे आशीर्वादित झालेली राख, ती नेणारी मोटारसायकल आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं विधी चालवणारा तयार माणूस.

आमची सूचना अशी. मुख्य चर्चमध्ये पहाटे साडेपाचला मिस्सा ठेवा. जवळपासच्या मजुरांना ती सोयीची, कारण सात वाजता ते मोकळे होतात. त्याच मिस्सेत वेदीजवळच्या टेबलावर मोठ्या वाटीबरोबर प्रत्येक गावाची डबी झाकण उघडून ठेवायची. प्रवचनानंतर फादर सगळ्यांवर एकदाच आशीर्वादाची प्रार्थना म्हणतील. मिस्सा संपली की झाकणं लावून डब्या गावोगाव रवाना. गावात विधी दिवेलागणीनंतर, सात-साडेसातला. तोवर बाया वावरातून येऊन, गुरांचं करून, हातपाय धुऊन मोकळ्या झालेल्या असतात. एखाद्या गावी फादर स्वतः जाणार असतील तर उत्तमच, पण एका फादरांना एका संध्याकाळी दोनच गावं होतात. बाकीच्यांनी पुढच्या वर्षीची वाट का पाहायची?

राखेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथं होतात आणि त्या बुधवारी उघड्या पडतात.

राख हवी ती मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित झालेल्या झावळ्यांची. आपल्याकडे त्या बहुतेक शिंदीच्या असतात, नाल्याकाठच्या. घरोघर त्या क्रुसामागे, देवाच्या फोटोमागे किंवा धान्याच्या कोठीवर खोचलेल्या असतात. त्या परत आणा असं सांगायला बुधवारच्या आधीचा रविवार फार उशिराचा. 17 जानेवारीला पहिली घोषणा करा, 24 ला दुसरी, आणि 31 ला चर्चच्या दाराशी टोपलं ठेवा. एका घरातून पाच-सात ग्रॅमची पट्टी येते. ऐंशी-नव्वद घरांच्या मिळून साधारण अर्धा किलो पानं भरतात, आणि मध्यम धर्मग्रामाला तेवढी पुरतात. अर्धा किलो पानं पूर्ण जाळून पांढरी केली तर राख जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास मिळते. काळी असतानाच थांबवली तर याच्या दुपटीहून जास्त निघते. डोक्यावर चिमूट टाकायची तर चहाच्या एका चमच्यात शंभर माणसांचं काम भागतं. तरी डबीत दुप्पट द्या, कारण सांडते, वाऱ्यानं उडते आणि घाबरलेला नवा माणूस चिमटीऐवजी मूठ भरतो.

जाळायच्या आधी एकेक पट्टी हातात घेऊन पाहा. सॅटिनची रिबीन, चमकी, स्टेपलची पिन, प्लॅस्टिकचं फूल, सगळं काढून टाका. प्लॅस्टिक एकदा वितळून राखेत मिसळलं की ती राख वाया गेली, कारण त्याचे कडक गोळे चाळणीतून निघाले तरी वास जात नाही. वाळवी लागलेली पानं झटकून घ्या, तिच्या मातीची राखेत खर होते. शिंदीच्या पानाच्या बुडाशी काटे असतात आणि पात्यांची टोकं सुईसारखी. बुडखा कापून बाजूला काढा. मग दोन दिवस उन्हात वाळवून बोटभर लांबीचे तुकडे करा. अख्खी पट्टी टाकली तर शेंडा जळून राख होतो आणि देठ कच्चाच राहतो.

जाळायला लोखंडी कढई किंवा जुनं घमेलं घ्या. जर्मनचं पातळ भांडं तापून वाकतं. जागा मोकळी हवी, आणि हे आम्ही ठासून सांगतो, पऱ्हाटीच्या ढिगापासून, तुरीच्या कुटारापासून आणि गंजीपासून लांब. फेब्रुवारीत दुपारी वारा सुटतो आणि जळतं पातं पतंगासारखं उडतं. सकाळी सातच्या आत, वारा पडलेला असताना जाळा आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा. जंगलालगतच्या गावांत तर हा वणव्याचाच हंगाम, तिथं भिंतीच्या आडोशालाच करा. पेटवायला रॉकेल, पेट्रोल, कापूर यांपैकी काही वापरायचं नाही. रॉकेलचा वास महिनाभर राखेतून जात नाही आणि कपाळाला तेलकट डाग पडतो. एक सुकं पान काडीनं पेटवलं की पुरतं.

मूठ-मूठ टाकत जा. ज्वाळा बसली आणि पान काळं असतानाच दिसलं की वरून परात झाका. हवा तुटली की काळी भुकटी टिकते. उघडी ठेवली तर ती धुमसत धुमसत करडी आणि मग पांढरी होते. अंगठ्यानं क्रूस काढायचा असेल तर काळी बरी, ती कातडीला धरते. डोक्यावर चिमूट टाकायची तर दोन्ही चालतात. काळी राख सावळ्या कपाळावर उठून दिसत नाही, अशी तक्रार काही ठिकाणी ऐकू येते. उपास लोकांना दिसावा म्हणून करू नका, असं त्या दिवशीच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, ते तक्रार करणाऱ्यानं ऐकलेलं दिसत नाही.

भांडं रात्रभर तसंच झाकून ठेवा. वरून गार लागतं, पण आत निखारा असतो. घाईघाईनं प्लॅस्टिकच्या डब्यात भरलं की डब्याला भोक. दुसऱ्या दिवशी खलबत्त्यात कुटा, मैद्याच्या चाळणीतून काढा, मग जुन्या मलमलच्या फडक्यातून पुन्हा गाळा. चाळणीत राहिलेल्या शिरा आणि खडे कपाळ ओरखडतात. ते फेकायचे नाहीत, चर्चच्या आवारात झाडाच्या बुडाशी पुरायचे. झावळी आशीर्वादित आहे, तिचा चोथाही उकिरड्यावर जात नाही. गाळलेली राख घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवा. झाडपाल्याच्या राखेतला क्षार हवेतली ओल ओढतो. मागच्या पावसाळ्याआधीची राख कपाटात तशीच पडलेली असते ती याच कारणानं ढेकळं होऊन निघते. म्हणून दर वर्षी ताजी करा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. चुलीची, गोवरीची किंवा उदबत्तीची राख हा तर पर्यायच नाही.

आता पाण्याचं. राख पाण्यात कालवून गंधासारखी करायची सवय काही ठिकाणी लागली आहे, कारण ओली राख कपाळावर छान बसते. ती बंद करा. जुन्या बाया राखेचं निवळलेलं पाणी घेऊन कपडे का धूत असत? त्यात क्षार उतरतो आणि तो मळ खातो. तोच क्षार कातडीही खातो. ओल्या राखेचा क्रूस तासभर राहिला की कपाळ चुरचुरतं, लाल होतं आणि नाजूक कातडीला फोडही येतो. पांढरी राख याबाबतीत काळीपेक्षा जास्त कडक. लहान मुलं, घामेजलेली कपाळं आणि ज्यांना आधीच नायटा किंवा खरूज आहे त्यांना पहिला त्रास होतो. आशीर्वादानंतर फादर राखेवर पवित्र पाणी शिंपडतात ते विधीतलंच आहे. पण ते थेंबाथेंबानं, आणि शिंपडून झालं की कोरड्या काडीनं राख हलवून घ्यायची. डब्यांवर एक-दोन थेंब पुरेत. सगळा तांब्या ओतला तर गावात पोचेपर्यंत डबीत चिखल. राख अगदीच धरत नसेल तर चमचाभर राखेला खोबरेलाचे किंवा तिळाच्या तेलाचे दोन-तीन थेंब आदल्या रात्री चोळून ठेवा. जवसाचं तेल मात्र नको, ते वाळून चिकट होतं.

गावांसाठी आम्ही चिमटीची पद्धत सुचवतो. डोक्याच्या मध्यावर कोरडी राख टाकायची, जशी रोममध्येही टाकतात. हात कुणाच्या घामाला लागत नाही, कातडीला त्रास नाही आणि वेळ निम्मा लागतो. बायांनी पदर इंचभर मागे घ्यावा, एवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर निम्मी राख पदरावरच राहते. अंगठ्यानंच लावायची असेल तर टिकलीच्या वर लावा, टिकली काढायला लावू नका.

राख देताना म्हणायची वाक्यं दोनच आणि त्यातलं कुठलंही एक : 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा', किंवा 'तू माती आहेस आणि मातीत परत जाशील'. पहिलं मार्कच्या शुभवर्तमानातलं, दुसरं उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं. स्वतःच्या मनानं तिसरं जोडायचं नाही. प्रत्येकाला वाक्य म्हणून राख द्यायला पाच-सहा सेकंद लागतात, शंभर माणसांना दहा मिनिटं. जानेवारी 2021 मध्ये, कोविडच्या काळात, रोमनं वाक्य सर्वांना मिळून एकदाच म्हणून पुढे न बोलता डोक्यावर राख टाकायची पद्धत दिली होती. ती त्या काळापुरती होती. आता पुन्हा एकेकाला म्हणा. सत्तर वर्षांच्या म्हातारीला कुणीतरी समोर उभं राहून 'तू माती आहेस' म्हणतं, यातच त्या विधीचं बळ आहे. ते दहा मिनिटं वाचवण्यासाठी घालवू नका.

गावातल्या विधीचा क्रम लिहून द्या, तोंडी सांगू नका. प्रवेशगीत, क्रुसाची खूण, सुरुवातीची प्रार्थना. मिस्सेच्या सुरुवातीला नेहमी म्हणतात ती पापकबुली या दिवशी नाही, तिची जागा राख घेते. हे न कळल्यामुळे गावोगाव दोन्ही केलं जातं. मग वाचनं : योएल संदेष्ट्याचा दुसरा अध्याय, 12 ते 18 ओव्या. स्तोत्र 51. करिंथकरांस दुसरं पत्र, पाचव्या अध्यायाची 20 वी ओवी ते सहाव्याची दुसरी. शुभवर्तमान मत्तयचं, सहावा अध्याय, 1 ते 6 आणि 16 ते 18. मधल्या ओव्या वगळल्या आहेत हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही आणि तो सरळ प्रभूची प्रार्थना वाचत सुटतो. पेन्सिलनं खुणा करून द्या. मग फादरांनी लिहून दिलेलं छोटं प्रवचन, दोन मिनिटं शांतता आणि राख. राख घेताना स्तोत्र 51 चंच धृपद गा, ते सगळ्यांना येतं. नंतर लोकांच्या प्रार्थना, 'हे आमच्या बापा' आणि शेवट. प्रचारकानं 'प्रभू तुम्हांबरोबर असो' म्हणायचं नाही आणि लोकांवर हात उंचावून क्रूस काढायचा नाही. स्वतःवर खूण करत 'प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो' एवढंच. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) द्यायचा तर त्यासाठी रीतसर नेमणूक झालेलाच माणूस हवा. नसेल तर तो भाग सोडा, त्यानं विधी अपुरा राहत नाही.

गाण्यांकडे लक्ष द्या. या दिवसापासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत हालेलूया नाही. आपल्या भजनी मंडळींच्या निम्म्या भजनांच्या धृपदातच तो शब्द आहे आणि सवयीनं तोंडातून निघतो. आठवड्याआधी वही तपासून अशी भजनं घडी घालून ठेवा. पेटी, ढोलक, खंजिरी आवाज धरण्यापुरती. गाण्याच्या आधी-मधी वाजवत बसायचं नाही, आणि मोबाइलवरून बॉक्सवर लावलेलं संगीत तर नकोच. नाताळाच्या झुरमुळ्या आणि लाइटिंगच्या माळा अजून लटकत असतील, आणि असतात, तर मंगळवारी उतरवा. वेदीवर फुलं नाहीत. जांभळं कापड नसेल तर साधं पांढरं चालेल, पण सोनेरी किनारीची साडी अंथरू नका.

एक नाजूक गोष्ट. आपल्या गावांत राख म्हटलं की लोकांना अंगारा आठवतो. शेजारची मावशी तापलेल्या नातवाला घेऊन येते, कुणी आटलेल्या गाईसाठी पुडी मागतं. लोक श्रद्धेनं येतात, त्यांना हिडीसफिडीस करू नका. ख्रिस्ती नसलेल्या माणसाला राख द्यायला चर्चचा कायदा आडवा येत नाही, आशीर्वाद सर्वांसाठी असतो. त्याला ही राख कशाची ते दोन वाक्यांत सांगा : हे औषध नाही, नजर उतरत नाही, मी चुकलो आणि मी मरणार आहे एवढंच तिच्यामुळे आठवायचं. ऐकूनही त्याला हवी असेल तर द्या. पुडी मात्र बांधून द्यायची नाही, आपल्या माणसालाही नाही. घरच्या आजाऱ्यासाठी हवी असेल तर प्रचारकानं त्याच संध्याकाळी घरी जाऊन द्यावी. पुडी एकदा घरी गेली की तिचा अंगारा व्हायला वेळ लागत नाही, आणि मग 'तुमच्या चर्चच्या राखेनं पोरगं बरं झालं' असं गावभर होतं, किंवा झालं नाही म्हणून भांडण होतं.

उपासाबद्दलही घोषणेत स्पष्ट बोला. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दर वर्षी विचारणा होते, भाकर चालते का? चालते. चर्चचा उपास हा कोणतं धान्य यावर नसून किती खाल्लं यावर आहे : दिवसात एकदा पोटभर आणि दोनदा थोडं, ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. दोन ताटं साबुदाण्याची खिचडी हाणून उपास झाला म्हणणाऱ्यानं काही सोडलेलं नाही. अर्धी भाकर आणि चून सकाळी, वावरात दुपारी पुरतं जेवण, रात्री वाटीभर आंबील, हा झाला उपास. 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत तो बंधनकारक आहे, राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी. मांस वर्ज्य 14 पूर्ण झालेल्यांना, त्याला वरची वयोमर्यादा नाही. मटण-कोंबडी नाही, पण अंडं, दूध, मासे यांना नियम अडवत नाही. गरोदर, अंगावर पाजणारी, साखरेचा आजारी, दिवसभर उन्हात ओझी वाहणारा, यांना उपासाची सक्ती नाही, हे वेदीवरून सांगा. सांगितलं नाही की नेमकी तीच माणसं उपाशी कामाला जातात आणि बांधावर चक्कर येऊन पडतात.

चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा या जिल्ह्यांतल्या चांदा धर्मप्रांताचं पंचांग सायरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरेचं आहे. त्या परंपरेत मोठा उपवास सोमवारी सुरू होतो, म्हणजे 2027 मध्ये 8 फेब्रुवारीला, आणि तो पन्नास दिवसांचा मोजतात. वर्धा नदीच्या अलीकडे बुधवार, पलीकडे सोमवार. वणीची लेक वरोऱ्याला दिली की सासर-माहेरचे उपवास दोन दिवसांनी वेगळे सुरू होतात. यात चूक कुणाचीच नाही. सीमेवरच्या गावांत दोन्हीकडच्या फादरांनी आधी बोलून एकच पत्रक काढलं तर 'खरा दिवस कोणता' हा वाद तरी मिटेल. प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी काही हा दिवस पाळतात, काही पाळत नाहीत. त्यांच्या दारात जाऊन वाद घालायचं कारण नाही.

विधी झाल्यावरचं थोडं. राख लावणाऱ्यानं हात आधी वाटीवर कोरडे झटकावेत, मग लिंबाची फोड आणि बेसन घेऊन चोळावेत, बोटांच्या रेषांतली काळी भुकटी त्यानंच सुटते. ते पाणी मोरीत न सोडता झाडाला घाला. कपाळाची राख पुसायची की ठेवायची याला नियम नाही. घामानं गेली तर गेली.

आता आपल्याकडून आम्हाला हवं ते. नोव्हेंबरच्या बैठकीत विषय घ्या, जानेवारीत घेतला तर वेळा ठरलेल्या असतात आणि मग 'पुढच्या वर्षी बघू'. उपकेंद्रांची यादी करून प्रत्येकापुढे माणसाचं नाव, विधीची वेळ आणि डबी नेणाऱ्याचं नाव लिहा. प्रत्येक गावात एक राखीव माणूसही ठेवा, कारण प्रचारकालाच ताप येतो तो नेमका त्याच दिवशी. 6 फेब्रुवारीच्या शनिवारी या सगळ्यांना मुख्य चर्चमध्ये दोन तास बोलवा, क्रम वाचून घ्या, चिमूट किती ती हातात धरून दाखवा आणि परतीचं भाडं द्या. पेट्रोलचा खर्च कौन्सिलनं उचलावा. डबी पोचवणारा पोरगा स्वतःच्या खिशातून शंभर-दीडशे रुपये घालतो आणि बोलत नाही, हे बरोबर नाही.

2028 मध्ये हा बुधवार 1 मार्चला येतो. तेव्हा ऊन चढलेलं असेल आणि जंगलपट्ट्यात मोहफुलं वेचायला लोक पहाटे अंधारात निघू लागलेले असतील. तिथं पहाटेची मिस्सा उपयोगाची नाही, फक्त संध्याकाळ. म्हणून एकदा ठरवलेली वेळ दर वर्षी तशीच छापू नका, त्या वर्षी वावरात काय उभं आहे ते विचारून ठरवा.

आपले,
विदर्भातल्या उपकेंद्रांचे प्रचारक आणि चर्चची व्यवस्था पाहणारे

ता.क. रिकाम्या डब्या गुरुवारी परत पाठवू. उरलेली राख गावातच चर्चच्या आवारात मातीत मिसळतो, ती डबीत परत पाठवायला लावू नका. आणि 21 मार्चच्या झावळ्यांच्या रविवारासाठी शिंदी कोणत्या नाल्यावरून आणायची आणि कुणाला विचारून, तेही याच बैठकीत ठरवून टाका. मागून मालकाशी कटकट नको.